पाठनिरीक्षण आणि प्रौढांचा बहुभाषिक वर्ग

भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षणात पाठनिरीक्षणाला मानाचे स्थान आहे. प्रशिक्षणार्थी वर्गात मागे बसतो आणि प्रस्तावना, प्रतिपादन, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, साधनांचा उपयोग अशा रकान्यांत अभिप्राय नोंदवितो. हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीची छाया या रकान्यांवर स्पष्ट दिसते. आणि त्या पंचपदीपुढे शाळेतील मूल होते. निरनिराळ्या भाषा व संस्कार घेऊन आलेल्या प्रौढांच्या वर्गात हे रकाने कितपत उपयोगी पडतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

सोलापुरात तो टाळता येत नाही. सात रस्त्याच्या चौकात घटकाभर उभे राहणाऱ्याच्या कानी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू पडते. मागाच्या धंद्याने तेलंगणातून येथे आणलेला पद्मशाली समाज, विड्या वळणाऱ्या तेलुगू भाषक स्त्रिया, सीमेलगतच्या तालुक्यांतील कन्नड भाषक यांचा हा शेजार जुना आहे.

अशा वस्तीतील प्रौढांच्या मराठी वर्गाची कल्पना करावी. एक विणकर म्हणतो, ‘मी काम केलो.’ शिक्षक ‘केले’ अशी दुरुस्ती करून पुढे जातो. निरीक्षक नोंदवितो : ‘चुका तत्परतेने सुधारल्या.’ नोंद अनुकूल आहे. परंतु जे पाहावयाचे तेच तिच्यातून निसटले आहे. तेलुगू व कन्नड या दोन्ही भाषांत भूतकाळी क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. मराठीचा कर्मणी प्रयोग त्यांत नाही. दखनीतही ‘मैं काम किया’ अशी ‘ने’विरहित रचना रूढ आहे. विणकराचे वाक्य म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्याला स्वतःचा नियम आहे. शिकणाऱ्याच्या चुका त्याच्या मनात घडत असलेल्या भाषाव्यवस्थेचा पुरावा असतात, हा विचार पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडला. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू बोलींचा गम्पर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घ सहवासाने तेथील बोलींची वाक्यरचना एकमेकींच्या जवळ आली, शब्द मात्र वेगळे राहिले, असे त्यांना आढळले. सोलापुरी मराठीला सरसकट ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घेतले पाहिजे.

घरची भाषा केवळ अडथळाच आणते असेही नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद तेलुगू भाषकाला शिकवावा लागत नाही. त्याच्या भाषेत ‘मनम्’ आणि ‘मेमु’ आहेतच. कन्नडात दोहोंसाठी ‘नावु’ हे एकच रूप असल्याने त्याच्या शेजारी बसलेला कन्नड भाषक येथे अडखळतो. उलट, तेलुगूत एकवचनी स्त्रीवाचक कर्त्याचे क्रियारूप नपुंसकलिंगीच असते. म्हणून ‘आली’ आणि ‘आले’ यांत तेलुगू स्त्री चुकण्याचा संभव अधिक. वर्ग हसला, तर ती गप्प बसते. पाठ एकच, अडचणी मात्र प्रत्येकाच्या निराळ्या.

यावर दोन आक्षेप संभवतात. शिक्षकाने चार व्याकरणे शिकावीत काय? आणि अर्ज, दाखला, नोकरी यांसाठी प्रमाण मराठीच लागते, मग चुकीचे इतके कौतुक कशाला? दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रमाणभाषा शिकविलीच पाहिजे. ती नाकारणे म्हणजे श्रमिकाला कचेरीच्या दाराबाहेर उभे करणे होय. परंतु चूक कोठून आली हे कळल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही, केवळ दाबली जाते. पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. व्याकरणे पाठ असण्याची गरज नाही. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे टिपण्याची आहे. निरीक्षणपत्रिकेत त्यासाठी तीन रकाने पुरेत : शिकणारा काय बोलला व त्याची घरची भाषा कोणती, त्यानंतर शिक्षकाने काय केले, आणि कोण बोललेच नाही. प्रशिक्षणार्थ्यांत तेलुगू किंवा कन्नड घरातील कोणी असल्यास मराठी भाषक सहाध्यायाला न दिसणारे त्याला दिसेल. दोघांच्या पत्रिका शेजारी ठेवून केलेली चर्चा हाच प्रशिक्षणाचा खरा पाठ ठरेल.

मुलाला पालक शाळेत धाडतात; प्रौढ दिवसभर राबून स्वतःच्या पायांनी येतो. मान दुखावला तर तो तक्रार करीत नाही, येणे थांबवितो. त्या दिवशीच्या पत्रिकेत पाठ ‘यशस्वी’ ठरलेला असतो. जी निरीक्षणपद्धती हे पाहू शकत नाही, ती शिक्षकाची परीक्षा घेत असेल. भाषाशिक्षणाचे निरीक्षण करीत नाही.