देवदूताने मोजलेली किंमत

चित्रपटाचे मोल दोन ठिकाणी ठरते: तिकीटबारीवर आणि समीक्षकाच्या लेखणीखाली. ही दोन न्यायासने एकमताने निवाडा देतात असे क्वचितच घडते. एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘सिटी ऑफ एंजल्स’ या चित्रपटाच्या वाट्याला असाच दुभंगलेला निवाडा आला. चित्रपटाचा नायक साक्षात देवदूत असल्याने आपण तो निवाडा पुन्हा पारखून पाहणे अगत्याचे आहे.

लॉस एंजेलिस नगरीत मरणासन्न माणसांना न्यायला येणारा सेथ हा देवदूत. आपला रुग्ण वाचला नाही म्हणून व्याकूळ झालेल्या मॅगी या हृदयशल्यविशारद स्त्रीवर त्याचे प्रेम जडते आणि तिच्या स्पर्शासाठी तो अमरत्वावर पाणी सोडतो. दिग्दर्शक ब्रॅड सिल्बरलिंग यांनी या भूमिका निकोलस केज व मेग रायन यांच्याकडे सोपविल्या. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून निर्मिलेल्या या चित्रपटाने जगभर १९ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. त्यातील निम्म्याहून जास्त वाटा अमेरिकेबाहेरचा होता. त्यातील ‘आयरिस’ हे गीत अमेरिकेच्या रेडिओवर १८ आठवडे अग्रस्थानी राहिले.

समीक्षकांचे मत मात्र विभागले गेले. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी तीन तारे देऊन चित्रपटाची बूज राखली. इतर अनेकांना तो गोडमिट्ट व भावविवश वाटला. यामागे एक तुलना होती. विम वेंडर्स यांच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’ या जर्मन चित्रपटावर तो बेतलेला होता आणि त्या कृतीने १९८७ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार पटकावला होता. भिंतीने दुभंगलेले बर्लिन, देवदूतांच्या दृष्टीला दिसणारे कृष्णधवल जग आणि मनुष्य होताच उमलणारे रंग यांची मोहिनी ज्यांच्या मनावर होती, त्यांना कॅलिफोर्नियाचा सूर्योदय फिका वाटला, यात नवल नाही.

परंतु भावविवशतेचा हा आरोप शेवटाच्या कसोटीवर टिकत नाही. वेंडर्सचा देवदूत डेमियल भूतलावर येतो, आपल्या रक्ताची चव घेतो, रंगांची नावे विचारतो आणि अखेरीस त्याला त्याची मॅरियन लाभते. म्हणजे शेवट गोड होतो तो कलात्मक म्हणून वाखाणलेल्या चित्रपटात! धंदेवाईक म्हणून हिणवलेल्या चित्रपटात मात्र मीलनाच्या दुसऱ्याच दिवशी सायकलवरून जाणारी मॅगी ट्रकच्या धडकेने मृत्यू पावते. अमरत्व देऊन सेथने मिळवली ती एक रात्र आणि जन्मभराचा शोक. तरीही त्याला पश्चात्ताप नाही. अशा शेवटासाठी लोकांनी तिकिटे काढली. सामान्य प्रेक्षकाला केवळ गुळचट सुख हवे असते, हा समज येथे खोटा ठरतो. ज्याने जवळचे माणूस गमावले आहे, त्याला सेथचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

या चित्रपटाचे खरे वैगुण्य मला निराळ्याच जागी दिसते. आपल्या श्रद्धेनुसार देवदूत अशरीरी व अमर आहेत, ते मनुष्य होत नाहीत; परंतु कल्पितकथेला धर्मशिक्षणाचा गज लावणे रास्त नव्हे. प्रश्न आहे तो प्रेमाच्या व्याप्तीचा. बर्लिनचे देवदूत आगगाडीत, ग्रंथालयात, एकाकी घरांत असंख्य माणसांची मनोगते ऐकतात. डेमियलला मानवजातीचाच लळा लागलेला आहे आणि मॅरियन त्या लळ्याला लाभलेला चेहरा आहे. सेथच्या बाबतीत मात्र हळूहळू सारे शहर पुसट होत जाते आणि दोनच माणसे उरतात. देहधारणेच्या रहस्यावर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाला हा फरक चटकन उमगावा. देह स्वीकारणे ही अधोगती नव्हे, हे दोन्ही चित्रपट मान्य करतात. पण तो कोणासाठी स्वीकारायचा, हा प्रश्न अमेरिकन चित्रपट अरुंद करून टाकतो.

म्हणून दोन्ही निवाडे अपुरे ठरतात. तिकीटबारीने चित्रपटातील दुःख ओळखले, पण त्याचा संकोच ओळखला नाही. समीक्षकांनी संकोच हेरला, पण त्याला भावविवशता हे चुकीचे नाव दिले. रसिकांनी आधी ‘सिटी ऑफ एंजल्स’ आणि मग ‘विंग्ज ऑफ डिझायर’ या क्रमाने दोन्ही पाहावेत. पहिला चित्रपट एका माणसासाठी रडवील, दुसरा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे वळून पाहायला लावील.