जुनीं अमेरिकन घड्याळें : ओळखग्रंथ आणि त्यांतील भाव

जुन्या वस्तूचा काळ ठरविणें आणि तिचें मोल ठरविणें हीं दोन कामें भिन्न आहेत. पहिल्यास पुरावा लागतो. दुसऱ्यास गिऱ्हाईक लागतें. जुन्या अमेरिकन घड्याळांविषयीं गेल्या पाऊणशे वर्षांत जे संदर्भग्रंथ निघाले, त्यांपैकीं पुष्कळांनीं हीं दोन्ही कामें एकाच चित्राखालीं उरकण्याचा प्रघात पाडला आहे. हा प्रघात कितपत योग्य आहे, आणि संग्राहकानें या ग्रंथांवर कोठवर विसंबावें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. आन्सोनिया, सेथ टॉमस या नांवांचीं घड्याळें आपल्याकडील जुन्या घरांतून अद्यापि आढळतात, आणि मुंबईच्या चोरबाजारांत तीं विकावयास येतात. तेव्हां हा विषय आमच्या वाचकांस अगदींच परका नाहीं.

या ग्रंथांची गरज कां उत्पन्न झाली हें ध्यानीं येण्यास त्या धंद्याची घडण पाहिली पाहिजे. कनेक्टिकट संस्थानांत ईलाय टेरी यानें १८०७ मध्यें चार हजार लांकडी घड्याळयंत्रें पुरविण्याचा मक्ता घेतला व १८१० पर्यंत तो पुरा केला. पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या हत्यारांनीं एकाच मापाचीं चक्रें कापावयाचीं, म्हणजे कोणतेंही चक्र कोणत्याही घड्याळास बसतें, हें त्याच्या यशाचें रहस्य होय. १८१६ सालीं त्यानें फळीवर ठेवण्याजोग्या लहान घड्याळाचें पेटंट मिळविलें. पुढें चॉन्सी जेरोम यानें पितळी पत्र्याच्या चक्रांचें स्वस्त घड्याळ बाजारांत आणलें, आणि १८४२ मध्यें तें इंग्लंडांत धाडलें. ज्या गुणामुळें हा धंदा फोफावला तोच गुण आज संशोधकास नडतो. एकाचें यंत्र दुसऱ्याच्या पेटींत बसतें, तिसऱ्याची तबकडी त्यावर चढते, आणि दोन-तीन मोडक्या घड्याळांचें एक चालतें घड्याळ होऊन तें एखाद्या नामांकित कारखान्याच्या नांवावर विकलें जातें.

ब्रुक्स पामर यांचा ‘द बुक ऑफ अमेरिकन क्लॉक्स’ हा १९५० सालचा ग्रंथ या शाखेंतील आधारस्तंभ मानला जातो. घड्याळांच्या चित्रांबरोबर हजारों कारागिरांची वर्णानुक्रमानें यादी देऊन त्यांनीं पुढील सर्वांचा मार्ग सुकर केला, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. तथापि यादीची रीत संक्षेपाची आहे : नांव, गांव, अजमासाचीं सालें, क्वचित् एखादी टीप. यांतील कोणतें साल घड्याळांतील छापील चिठ्ठीवरून घेतलें, कोणतें जाहिरातीवरून आणि कोणतें ऐकीव, हें पुष्कळ नोंदींत कळत नाहीं.

ही उणीव क्षुल्लक नव्हे. १८३० नंतरच्या दशकांत दक्षिणेकडील संस्थानांनीं उत्तरेकडून येणाऱ्या घड्याळांच्या फेरीवाल्यांवर जबर परवानाकर बसविला. तेव्हां जेरोम व त्याचे भागीदार यांनीं सुटे भाग व्हर्जिनियांतील रिचमंड येथें आणि दक्षिण कॅरोलिनांतील हॅम्बर्ग येथें नेऊन तेथें जोडण्याची युक्ति काढली. त्या घड्याळांच्या चिठ्ठीवर रिचमंडचें नांव आहे. चक्रें मात्र कनेक्टिकटांतील ब्रिस्टल गांवचीं. ही हकीकत जेरोम स्वतःच १८६० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तांत सांगतो. जो केवळ चिठ्ठी वाचील तो रिचमंड येथें चक्रें घडविणारा कारखाना होता असेंच समजेल. चिठ्ठीवरील नांव घडविणाऱ्याचें, जोडणाऱ्याचें कीं विकणाऱ्याचें, हा प्रश्न ओळखग्रंथानें सर्वांआधीं विचारला पाहिजे.

ट्रान डुइ ली यांनीं निराळा मार्ग धरला. आन्सोनिया, सेथ टॉमस (१९८५), वॉटरबरी (१९८९) अशा एकेका कंपनीस एकेक ग्रंथ वाहून त्यांनीं कारखान्यांच्या मूळ विक्रीपत्रकांतील चित्रें नमुन्याचें नांव, उंची इत्यादि तपशिलांसह पुनर्मुद्रित केलीं. आमच्या मतें या वर्गांतील हें सर्वांत टिकाऊ काम होय. विक्रीपत्रक हा समकालीन कागद आहे. ग्रंथकाराचें अनुमान चुकलें तरी कागद वाचकासमोर राहतो. परंतु कागदाचीही मर्यादा ओळखावी. अमुक सालीं अमुक नमुना विक्रीस होता एवढेंच विक्रीपत्रक सांगतें. तो केव्हां सुरू झाला व केव्हां बंद पडला हें एका पत्रकावरून ठरत नाहीं. शिवाय चित्र पेटीचें असतें. आपल्या हातांतील पेटींत मूळचेंच यंत्र आहे कीं नाहीं, याची साक्ष तें देऊं शकत नाहीं.

ती साक्ष घड्याळाच्या पोटांत शोधावी लागते. सेथ टॉमसच्या पुष्कळ पेट्यांवर शाईनें एक अंक छापलेला असतो. ‘६०९१ एल’ असें असल्यास आंकडे उलट वाचावे म्हणजे १९०६ हें साल मिळतें, आणि ‘एल’ हें बारावें इंग्रजी अक्षर असल्यामुळें महिना डिसेंबर ठरतो. चिठ्ठीवर ‘प्लिमथ हॉलो’ हें गांवाचें नांव असल्यास, थॉमस्टन हें स्वतंत्र नगर १८७५ सालीं स्थापन होण्यापूर्वींची ती चिठ्ठी होय. हार्टफर्डचा मुद्रक एलिहू गीअर यानें आपलें दुकान वेळोवेळीं हलविलें. त्यामुळें चिठ्ठीच्या तळाशीं बारीक टाइपांत असलेला त्याचा पत्ता काळ ठरविण्यास उपयोगी पडतो. जुन्या पोथीच्या कागदावरील जलचिन्ह ज्यांनीं उजेडापुढें धरून पाहिलें आहे त्यांस या पुराव्याची जात समजावून सांगावयास नको. पितळी पाटीवरील पेटंटचें साल मात्र फसवें असतें. घड्याळ त्या सालाच्या आधींचें नाहीं, यापलीकडे तें कांहीं सिद्ध करीत नाहीं. आणि पेटीच्या पाठीस रिकामीं राहिलेलीं स्क्रूचीं जुनीं भोंकें हीं यंत्र बदलल्याची बोलकी खूण होय.

आतां भावांकडे वळूं. ली यांच्या सेथ टॉमसवरील ग्रंथाच्या नांवांतच ओळख व किंमत यांची जोडी आहे. रॉबर्ट व हॅरिएट स्वेडबर्ग यांच्या १९८९ सालच्या ‘अमेरिकन क्लॉक्स अँड क्लॉकमेकर्स’ या पुस्तकांतही छायाचित्राखालीं किंमत येते. पण किंमत कोणती? दुकानदारानें मागितलेली, लिलांवांत पुकारलेली, कीं विम्यासाठीं लिहिलेली? मूळ चिठ्ठी, मूळ तबकडी आणि मूळची चितारलेली काच असलेलें घड्याळ व तींच बदललेलें घड्याळ यांच्या मोलांत फार अंतर पडतें. एकच आंकडा दोहोंस लागूं पडत नाहीं. शिवाय रुचि पालटते. ओक लांकडाचीं, दाबून काढलेल्या नक्षीचीं स्वयंपाकघरांतील घड्याळें अमेरिकेंत गेल्या शतकाच्या अखेरीस मोठ्या हौसेनें घेतलीं जात; चालू शतकांत त्यांचे भाव पुष्कळ उतरले आहेत.

तरीहि भावांचा रकाना सर्वस्वी निरर्थक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जेरोमचा पहिला माल इंग्लंडांत पोंचला तेव्हां त्याची जाहीर केलेली किंमत अविश्वसनीय वाटून जकातवाल्यांनीं तो त्याच किंमतीस, वर दहा टक्के देऊन, सरकारांत घेतला, असें तो लिहितो. ही किंमत इतिहास आहे, कारण तिला तारीख आहे, ठिकाण आहे आणि व्यवहार आहे. त्याच न्यायानें १९८५ सालचा भाव हा १९८५ च्या रुचीचा दाखला म्हणून जपावा. आजच्या सौद्यास तो आधार म्हणून पुढें करूं नये.

आमचा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. ओळख आणि किंमत शेजारीं शेजारीं छापलीं म्हणजे वाचक ओळख किंमतीच्या लोभानें करूं लागतो. साध्या नमुन्याजवळ दुर्मिळ नमुन्याचा मोठा आंकडा दिसला कीं कोणी शिरोभूषण बदलतो, कोणी नवी तबकडी चढवितो, कोणी फाटकी चिठ्ठी खरवडून तेथें नवी छापील प्रत डकवितो. एकदां नष्ट झालेली चिठ्ठी कोणत्याही ग्रंथाच्या नव्या आवृत्तींत परत येत नाहीं. कै. राजवाडे यांनीं अस्सल कागद आणि बखर यांतील भेद शिकविल्यानंतर आपणांकडे तरी ही गोष्ट वेगळी सांगण्याची गरज नसावी. घड्याळ हा अस्सल कागद आहे. ओळखग्रंथ ही फार तर चांगली बखर आहे.

म्हणून आमची शिफारस अशी : पामर नांवें शोधण्यासाठीं वापरावा, ली मूळ चित्रांसाठीं वापरावा, आणि भाव वाचतांना ग्रंथाचें प्रकाशनसाल आधीं पाहावें. ज्यांच्या संग्रहीं असें घड्याळ असेल त्यांनीं तें दुरुस्तीस देण्यापूर्वीं चिठ्ठी, पाटीवरील अक्षरें, पाठीवरील अंक आणि भोंकांच्या जागा यांची नक्कल व छायाचित्र करून ठेवावें. कारागिराच्या एका दुपारच्या कामांत दीडशे वर्षांचा पुरावा पुसला जाऊं शकतो.