कोर्दोबाची चांदी, पालथी घालून

अठराव्या शतकातल्या स्पेनमधल्या कोर्दोबाच्या चांदीचं कौतुक करायचं तर शमादान आधी उपडं करावं. वर रोकोकोचा थाट असतोच: वळसे, शिंपले, लाटा घेणाऱ्या कडा. इथला चांदीकाम करणारा दामियान दे कास्त्रो (१७१६–१७९३) यानं त्यात कमाल केली. पण खरी मौज तळाच्या ठशांत आहे.

एक ठसा मागच्या पायांवर उभ्या सिंहाचा. इंग्रजी चांदीवर नजर बसलेला माणूस इथं हमखास फसतो. इंग्लंडचा चालता सिंह स्टर्लिंग कसाची ग्वाही देतो. कोर्दोबाचा सिंह कसाबद्दल चकार शब्द काढत नाही. तो नगराच्या कुलचिन्हातला, त्यामुळे फक्त गाव सांगतो. माद्रिदचं झाडाला टेकलेलं अस्वलही तसंच.

कसाची जबाबदारी दुसऱ्या ठशावर. तो मार्कादोरचा, म्हणजे चांदी पारखून ठसा मारणाऱ्या अधिकाऱ्याचा. शतकाच्या अखेरीस हे काम मातेओ मार्तीनेझ मोरेनोकडे होतं. अशा ठशात पारख्याच्या नावासोबत सालाचे शेवटचे दोन आकडे येतात. इंग्रजी ठशातलं सालाचं अक्षर लावायला तक्ता उघडावा लागतो. इथं ९३ म्हणजे सरळ १७९३. तिसरा ठसा कारागिराचा. या दोन्ही ठशांत आडनावंच असल्यानं नवखा गोंधळतो. आकडे ज्याच्यापाशी, तो पारखी, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

मला मात्र सगळ्यांत प्रिय आहे ती बुरिलादा: करवतीच्या दात्यांसारखी वाकडीतिकडी ओरखड. पारखी टोकदार कोरणीनं चांदीचा थोडा कीस काढी. तो शिशासोबत अस्थिभस्माच्या मुशीत तापवला, की शिसं आणि भेसळीचं तांबं भस्मात मुरतं आणि चांदीचा मणी उरतो. मणी जितका घटला तितकी भेसळ. कस दिनेरोंत मोजत: निखळ चांदी १२ दिनेरो, एका दिनेरोचे २४ ग्रानो. जुना नियम ११ दिनेरो ४ ग्रानोंचा, हजारात सुमारे ९३०. अठराव्या शतकात तो ११ दिनेरोंवर, म्हणजे जवळपास ९१७ वर उतरला.

एवढं निगुतीनं घडवलेलं भांडं, आणि त्यावर हा घाव तसाच ठेवलेला! कारागिरालाही त्याची लाज नसे. परीक्षा झाल्याची ती खूणच. जर्मनीतल्या चांदीवरही अशी रेघ सापडते. पोलादी ठसा दर वेळी तोच उमटतो, बुरिलादा मात्र मनगटाची: कुठं दाते आखूड आणि दाट, कुठं लांब, सैल, घाईत ओढलेले. पारख्याचा हात दिसतो तो एवढ्याच जागी.

संग्रहांच्या सूचींत ठसे मोठे करून छापतात आणि बुरिलादेची बोळवण दोन शब्दांत करतात. तिचंही छायाचित्र द्यायला हवं, शेजारी मापाची पट्टी ठेवून.