भटजींनी पाहिलेली राणी

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ सत्तावनच्या बंडाची एका प्रत्यक्षदर्शीने सांगितलेली हकीकत म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु राज्याची धुरा वाहणारी एक स्त्री स्वतःच्या देहाशी आणि मनाशी कशी वागत होती, याचे फार मोलाचे चित्रही त्यात आहे. त्याची चर्चा व्हावी तेवढी झालेली नाही. दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या मराठी वाचकाला तरी ही बाजू परकी वाटू नये. केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची ही वसाहत राणीच्याच नावाची. येथून सकाळी डबे भरून, मुलांना शाळेच्या बसपर्यंत पोचवून कचेरीकडे निघणाऱ्या स्त्रियांत आज कक्ष अधिकारी आहेत, अवर सचिव आहेत. ज्यांच्या सहीवाचून फाईल पुढे सरकत नाही अशा आहेत.

त्यांच्यापुढे आदर्श म्हणून जी राणी ठेवली जाते ती पुतळ्यातली. उगारलेली तलवार, उधळलेला घोडा आणि पाठीशी बांधलेले मूल. घर आणि कर्तव्य ही दोन्ही ओझी एकाच पाठीवर वाहावीत आणि चेहऱ्यावर श्रमाची रेषाही उमटू देऊ नये, असा या चित्राचा अर्थ आपण लावून बसलो आहोत. वास्तविक दत्तविधान 1853 च्या नोव्हेंबरातले, मुलगा तेव्हा पाचेक वर्षांचा. 1858 च्या एप्रिलात झाशी सोडताना तो चांगला आठ-नऊ वर्षांचा असणार. शिल्पकारांनी त्याला बहुधा तान्हाच करून टाकले आहे. असो.

दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे, म्हणून पेणजवळच्या वरसईहून 1857 साली निघालेल्या या भिक्षुकाला पुतळा उभारावयाचा नव्हता. तो झाशीत राहिला, वाड्यात त्याची जा-ये होती, आणि जे दिसले ते त्याने पुढे कित्येक वर्षांनी लिहून काढले. त्याने लिहिलेली राणीची दिनचर्या पाहा. पहाटे व्यायाम, मग घोड्याची रपेट, मग स्नान. या स्नानाचे वर्णन करताना भटजींची लेखणी चांगलीच रंगते: सुवासिक द्रव्ये घातलेले ऊन पाणी, हंड्यांमागून हंडे, आणि कसलीही घाई नाही. त्यानंतर पूजा, भोजन. आणि दरबारचे काम त्याच्याही मागून. संस्थान खालसा झालेले, पतीचे निधन झालेले, चोहोंकडून संकट घेरत आलेले. तरी दिवसाचा पहिला प्रहर या बाईने आपल्याजवळ ठेवला होता. याला कोणी चैन म्हणेल. आमच्या मते पुढे वेढ्याच्या दिवसांत तिने जे सोसले, त्याची पुंजी या प्रहरात साठलेली होती. जीव जपणे आणि जीव पणाला लावणे यांत गोडसे यांना विरोध दिसत नाही, हे त्यांच्या गद्याचे मोठेपण होय.

दुसरा प्रसंग झाशी पडतानाचा. शहर जळताना पाहून राणीचा धीर सुटतो. दारूगोळ्याच्या कोठारासह स्वतःला उडवून द्यावे, असे तिच्या मनात येते, आणि एक वृद्ध गृहस्थ तिला त्यापासून परावृत्त करतो. हताश झालेल्या राणीला आपल्या वीरकथांत सहसा जागा नसते. भटजी ती देतात, आणि त्यामुळे तिची उंची कमी झाली असे वाचताना एकदाही वाटत नाही.

याच्या शेजारी रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ठेवून पाहाव्यात. ग्रंथ 1910 सालचा. पुण्याचे सेवासदन त्याच्या आदल्याच वर्षी निघाले होते आणि रमाबाई त्याच्या अध्वर्यू होत्या. परंतु आठवणी 1901 साली न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबतात. इंग्रजी शिकण्यापायी घरच्या बायकांचा रोष किती सोसला हे त्या प्रांजळपणे सांगतात. पुढे संस्था चालवताना स्वतः किती थकल्या, कोणाजवळ बोलल्या, यावर एक अक्षर नाही. या पुस्तकाच्या सात्त्विकतेची आपल्याकडे पुष्कळ स्तुती झाली आहे. आम्हांस त्या मौनाची हळहळ वाटते. ते पान लिहिले गेले असते, तर पुढच्या दोन पिढ्यांच्या मुख्याध्यापिकांना आणि अधिकारी स्त्रियांना आपला शीण हा आपला दोष वाटला नसता.

सरकारनेही तो दोषच मानला होता. परराष्ट्र सेवेतील स्त्रीने विवाहापूर्वी लेखी अनुमती घ्यावी, आणि संसार कामाच्या आड येतो असे सरकारला वाटल्यास राजीनामा द्यावा, असा नियम होता. 1949 साली या सेवेत आलेल्या सी. बी. मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा 1979 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे 2008 साली बालसंगोपनासाठी 730 दिवसांची रजा आली. ही मोठीच सुधारणा. पण ती मुलासाठी आहे. अर्जित रजा शिल्लक असूनही ती केवळ विश्रांतीसाठी मागताना याच स्त्रीची लेखणी अडखळते, आणि कारणाच्या रकान्यात ती ‘घरगुती काम’ असे लिहिते.

काळपीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. पराभूत, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी. भटजी पाणी काढावयास पुढे होतात. तुम्ही विद्वान ब्राह्मण, मी काढते, असे म्हणून ती स्वतःच दोर हाती घेते. मग बोलते: अर्धा शेर तांदळाची धनीण असलेल्या आपल्यासारख्या विधवेला या उठाठेवीची गरज नव्हती, धर्माच्या अभिमानाने हे पत्करले, आणि ईश्वर यश देत नाही. यात ना फुशारकी, ना आत्मनिंदा. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो भाषेवर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली आवृत्ती काढली. ज्यांच्या संग्रही वैद्यांची प्रत असेल त्यांनी या एका प्रसंगासाठी तरी पोतदारांची मिळवून ताडून पाहावी.