तीन पदरी आडनाव

पेशवाईच्या कागदांत एक नाव वारंवार भेटतं : बाबूजी नाईक. कुठे त्याच्यापुढे ‘जोशी’ असतं, कुठे ‘बारामतीकर’. इतिहासाचा वाचक ते ओलांडून पुढच्या राजकारणाकडे जातो, आणि त्यात काही चूक नाही, कारण राजकारण मोठं आहे. थोरले बाजीराव 1740 साली गेले, तेव्हा त्यांच्याकडे कर्जाचा तगादा लावणारा हाच सावकार रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्यावर पेशवेपदासाठी उभा राहिला. शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली आणि तो डाव तिथेच मिटला. पण ते राजकारण क्षणभर बाजूला ठेवून नुसतं नाव वाचलं, तर एकाच माणसाच्या अंगावर तीन आडनावं दिसतात आणि तिन्हींची जात वेगळी. महाराष्ट्रात आडनाव कसं घडतं, याचा इतका सुबक नमुना दुसरा सापडणं कठीण.

सगळ्यांत आतला पदर ‘जोशी’. ज्योतिषी हा शब्द शतकानुशतकं बोलण्यात घासला गेला आणि त्याची दोनच अक्षरं उरली. पंचांग सांगणं हा ज्या घरांचा वारसा, त्यांचं हे वृत्तीवरून आलेलं नाव. यात गाव नाही, पराक्रम नाही. घरात चालत आलेली विद्या तेवढी आहे. गंमत पाहा. पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या दोन मुली, भिऊबाई आणि अनूबाई. भिऊबाई बारामतीला बाबूजींच्या धाकट्या भावाला, आबाजी नाईकांना दिली. अनूबाई इचलकरंजीला व्यंकटरावांना दिली. दोन्ही सासरची मूळ आडनावं जोशीच, आणि दोन्ही घरांत ते टिकलं नाही. इचलकरंजीच्या नारो महादेवांनी आपले पोशिंदे सेनापती संताजी घोरपडे यांचं आडनाव कृतज्ञतेपोटी घेतलं. जोशांचे घोरपडे झाले. बारामतीच्या जोशांनी धन्याचं नाव न घेता सावकारीतला मान नावात आणला. एकाच पिढीतल्या दोन सख्ख्या बहिणींच्या दारात आडनाव बदलण्याच्या दोन रीती अशा शेजारी शेजारी उभ्या आहेत.

दुसरा पदर ‘नाईक’. मुळात नायक, पुढे असणारा. पण या शब्दाचा पल्ला ऐकण्यासारखा आहे. शिवकाळच्या पायदळात मूठभर पाइकांवरचा पहिला अधिकारी नाईक. पेठेतला मातब्बर सावकारही नाईक. नीरेपलीकडे फलटणच्या राजघराण्याच्या नावात तो किताब म्हणून आला : नाईक निंबाळकर. आणि शेजारच्या पुरंदरच्या डोंगरात, भिवडीच्या ज्या रामोशी वीराला इंग्रजांनी 1832 साली पुण्यात फाशी दिलं, तो उमाजीही नाईकच, आडनाव खोमणे. सावकार, राजा, पाइकांचा म्होरक्या आणि बंडखोर या चौघांना एकच शब्द पुरला, आणि कुणाच्याही अंगावर तो उसना वाटत नाही. पदवीचं आडनाव होताना शब्दाची झळाळी सहसा उतरते. ‘नाईक’ची उतरली नाही.

तिसरा पदर ‘बारामतीकर’, आणि माझ्या मते सगळ्यांत रसाळ तोच. ‘कर’ हा प्रत्यय आपण इतक्या सवयीने उच्चारतो की त्याच्यातली एक खोच निसटून जाते. हे नाव माणसाला त्याच्या गावात मिळत नाही. गाव सोडल्यावर मिळतं. बारामतीत सगळेच बारामतीचे, तिथे कुणाला बारामतीकर म्हणून काय सांगणार? साताऱ्याच्या दरबारात, पुण्याच्या पेठेत बाबूजी ‘बारामतीकर’ होते. कऱ्हेकाठच्या त्यांच्या वाड्याला मात्र बारामतीत आजही बाबूजी नाईकांचा वाडा म्हणतात. घरचं नाव नाईक, परमुलखातलं नाव बारामतीकर. आणखी एक बारकावा : घराणं मूळ कोकणातलं. जिथून आले त्या गावाचा ‘कर’ न लावता, जिथे रुजले त्या गावाचा लावून घेतला. प्रत्यय कोकणच्या सवयीचा, गाव देशावरचं. घाट ओलांडून आलेल्या माणसाने नव्या मातीशी नातं जुळवल्याची याहून नेमकी नोंद कुठली असेल!

त्याच वाड्याच्या आश्रयाने राहिलेल्या दुसऱ्या एका माणसाने नेमकं उलट केलं. मोरोपंत रामचंद्र पराडकर. जन्म 1729 साली पन्हाळ्याचा, हयात बारामतीत गेली आणि 1794 साली देह ठेवला तोही बारामतीतच. नाईकांच्या घरी पुराण सांगायचं आणि उरल्या वेळात आर्या रचायच्या. चार दशकं इथलं पाणी प्यायले, पण आडनाव राहिलं पराडचंच, पूर्वजांच्या गावचं. आणि काव्यात तेही नाही, तिथे ‘मयूर’. आपल्या नावातल्या ‘मोरो’ला त्यांनी संस्कृतात नेलं आणि त्या मोराच्या टाहोला ‘केकावली’ हे नाव दिलं. आश्रयदात्याने मूळ गाव टाकून नवं गाव आडनावात घेतलं, कवीने जुनं गाव ठेवलं आणि सहीपुरतं तेही बाजूला सारलं. एकाच वाड्याच्या आवारात हे दोन्ही घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता नदीकाठ सोडून जरा तालुक्यात हिंडू. आतापर्यंत गावाने माणसाला नाव दिलं. देशावर याच्या उलट चालही तितकीच जोरात आहे. इथे माणसाचं आडनाव गावाला मिळतं. पुणे जिल्ह्यात लोणी किती? हवेलीत लोणी काळभोर, हवेलीतच लोणी कंद, आणि बारामतीत, मोरगावच्या बाजूला, जुनं मल्लिकार्जुनाचं देऊळ मिरवणारी लोणी भापकर. काळभोर, कंद, भापकर ही तिन्ही आडनावं. तळेगावांचंही तेच : एक दाभाड्यांचं, एक ढमढेऱ्यांचं. गावं ओळखू यावीत म्हणून केलेली सोय, एवढंच पुस्तकी उत्तर. पण या नावांची घडण जरा जवळून पाहा. ‘भापकरांची लोणी’ असं कुणी म्हणत नाही. म्हटलं असतं तर ती मालकी झाली असती. षष्ठीचा प्रत्यय गाळला, क्रम फिरवला, आणि ‘लोणी भापकर’ झालं, जसं ‘तुकाराम पवार’. आधी नाव, मग आडनाव. विभक्तीही माणसासारखीच लागते, आडनावाच्या टोकाला : ‘तुकाराम पवारला निरोप दे’, ‘लोणी भापकरला उतर’. गाव त्या कुळीच्या मालकीचं न राहता त्या कुळीतलं एक माणूस झालं. भावकीत घेतलेलं गाव!

वाड्यांची घडण निराळी. काटेवाडी, भरणेवाडी, घाडगेवाडी यांत आडनाव जसंच्या तसं पुढे येतं आणि वाडी त्याला चिकटते. इंदापूर तालुक्यात मात्र काही ठिकाणी कान थबकतो : गलांडवाडी, घोरपडवाडी. गलांडे आणि घोरपडे या आडनावांच्या शेवटचा एकार इथे गळून पडला. का? जिभेला विचारा. ‘घोरपडेवाडी’ म्हणताना मध्ये एक पायरी जास्त चढावी लागते. ‘घोरपडवाडी’ एका दमात निघते. ‘काटे’ आधीच दोन अक्षरांचं, त्यातला एकार काढला तर ‘काटवाडी’ होईल आणि काट्यांचं घराणंच ओळखू येणार नाही. म्हणून तिथे तो शाबूत राहिला. कुणी व्याकरणकार बसवलेला नव्हता. बैलगाडीतून जाता-येता हाका मारणाऱ्या माणसांनी हा तोल आपोआप साधला, आणि तो इतका अचूक आहे की आज एक अक्षर इकडचं तिकडे करावंसं वाटत नाही.

या मुलखात पवार या आडनावाला वळसा घालून जाता येत नाही. ते इतकं परिचयाचं झालं आहे की त्याच्याकडे शब्द म्हणून कुणी पाहतच नाही. परंपरा ते परमारांपर्यंत नेते, अबूच्या अग्निकुंडातून निघालेल्या कुळापर्यंत, आणि ‘परमार’ म्हणजे शत्रूला मारणारा असा अर्थ सांगते. अग्निकुंड कथेचं आहे, पण शब्दाची वाट पक्की आहे. संस्कृतातला मधला ‘म’ प्राकृतातून मराठीत येताना अनुनासिक ‘व’ होतो : ग्रामाचं गांव, नामाचं नांव, कुमाराचा कुंवर. परमाराचा पंवार, तो त्याच नियमाने. पुढे मराठीने गांव-नांवावरचा अनुस्वार उतरवला, तसा पवारांवरचाही उतरला. हिंदीत तो ‘पँवार’मध्ये अजून शिल्लक आहे. शत्रूला मारण्याच्या गर्जनेतला ‘म’ बोलता बोलता विरघळला आणि गाव-नाव या घरगुती शब्दांच्या पंगतीत हे आडनाव येऊन बसलं.

त्याचा पसाराही पाहण्यासारखा. नीरेकाठी पवार, पंचगंगेकाठी तेच पोवार. भंडारा-गोंदियाकडे पोवार ही अख्खी ज्ञातीच. माळव्यात मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर गेलेले पवार धार आणि देवासला राजे झाले. आणि हे आडनाव एका जातीचं कधीच नव्हतं. मराठा घरांत आहे, बौद्ध घरांत आहे, पारध्यांच्या पालावर आहे, बंजारा तांड्यावर आहे. गाळप हंगामात माळेगाव-सोमेश्वरच्या फडांवर ऊसतोड टोळ्या उतरतात, तेव्हा बागाईतदार पवार आणि कोयता घेऊन आलेला पवार एकाच सरीत उभे असू शकतात. आडनावावरून माणूस ओळखल्याचा ज्यांना भरवसा वाटतो, त्यांनी हा फड पाहावा. एकाच शब्दाने इतक्या वेगवेगळ्या घरांना सामावून घ्यावं, यात त्याचं मोठेपण आहे.

कालव्यानेही आडनावं आणली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या जिराईत माळावरून वाहू लागला आणि सासवडचे माळी उसासाठी जमिनी खंडाने घेत कालव्याच्या कडेने खाली सरकले. बोरावके, गिरमे, राऊत, कुदळे ही आडनावं पाटाच्या पाण्याबरोबर कशी पसरली, ते आजही दिसतं. व्यापारपेठेतल्या जैन घरांचं ‘दोशी’ असंच दुरून आलेलं. त्याचं मूळ ‘दूष्य’ म्हणजे कापड. दोशी म्हणजे कापडवाला. या आडनावाचा सर्वांत मोठा माणूस इंदापूर तालुक्यात आपली खूण ठेवून गेला, पण आडनाव न लावता. सोलापूरला 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी सगळीकडे वालचंद हिराचंद याच नावाने वावरले. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. त्यांनी कळंबच्या शिवारात साखर कारखाना काढला, त्याभोवती वसाहत उठली, आणि तिचं नाव पडलं वालचंदनगर. चहूबाजूंना आडनावांच्या वाड्या आणि मधोमध एका माणसाच्या नुसत्या नावाचं गाव. इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडवणाऱ्या कारखान्यावर आज तेच पाळण्यातलं नाव आहे.

एक नाव मात्र मी मुद्दाम राखून ठेवलं होतं : बारामती तालुक्यातलं वडगाव निंबाळकर. फलटणच्या निंबाळकरांची परंपरा स्वतःला मूळचे पवारच सांगते. फलटणजवळच्या निंबळक गावी ते स्थिरावले आणि गावावरून निंबाळकर झाले. म्हणजे आधी कुळी पवार. तिच्यावर गावाचा ‘कर’ बसला. हे घराणं पुढे भोसल्यांचं सोयरं झालं. इंदापूरच्या लढाईत पडलेल्या मालोजीराजांच्या पत्नी उमाबाई याच घरच्या, आणि शिवरायांच्या सईबाईही. मग नीरा ओलांडून हे आडनाव अलीकडे आलं आणि इथल्या एका वडगावाला चिकटलं. गावाने माणसाला नाव दिलं, आणि ते नाव माणसाने नदीपार दुसऱ्या गावाला दिलं. ‘निंबळक’मधला ‘ळ’ आणि ‘क’ अजून त्या नावात जागेवर आहेत. फक्त ‘ब’ला एक काना लागला आणि शेवटी एक ‘र’ आला. या दोन तालुक्यांतलं सर्वांत देखणं आडनाव निवडायला सांगितलं, तर मी हेच निवडेन, आणि ते एका गावाचं आहे.

हल्ली पत्त्यावर नुसतं ‘वडगाव’ किंवा ‘लोणी’ लिहून पुढे पिनकोड टाकण्याची रीत पडते आहे. टपाल पोचतं, हे खरं. तरी विनंती आहे : माणसाचं नाव जसं आडनावासकट लिहिता, तसं या गावांचंही लिहा. लोणी भापकर. वडगाव निंबाळकर.