विज्ञानकथेला संपादक हवा

मराठी विज्ञानकथेचा विषय निघाला की आपण लेखक मोजू लागतो. जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे... यादी भारदस्तच आहे. पण या कथा निवडल्या कोणी, साभार परत कोणी केल्या, ‘शेवट पुन्हा लिहा’ असं लेखकाला कोणी सुनावलं, हे विचारलं की बोलणं आटोपतं.

ब्रिटनमध्ये हे काम जॉन कार्नेलने केलं. १९४६ पासून त्याने ‘न्यू वर्ल्ड्‌स’ हे विज्ञानकथांचं मासिक चालवलं. १९५६ मध्ये जे. जी. बॅलर्डच्या पहिल्या विज्ञानकथा त्यानेच छापल्या. १९६४ मध्ये मासिक हातून गेल्यावर त्याने नव्या कथांच्या संग्रहांची मालिका सुरू केली. तिचे २१ खंड त्याच्या नावावर आहेत. आपल्याकडे १९४६ मध्येच अनंत अंतरकरांनी ‘हंस’ काढलं, पुढे ‘नवल’. गूढ आणि अद्भुत कथेला त्यांनी हक्काचं घर दिलं. पण ते मासिकाचं घर. त्याचा दिवाळी अंक वाचनालयात खाकी कव्हर घालून हातोहात फिरतो, पाडव्यापर्यंत त्याची पानं सुटतात आणि मग तो रद्दीत जातो. आमच्या शिरपुरात वीस वर्षांपूर्वीची एखादी कथा शोधायला निघा, म्हणजे संग्रहाची किंमत कळते.

निवडीचं काम बरंचसं केलं ते मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने. १९७४ मध्ये नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून केलेलं हे नाव. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं! कथेने नावाच्या वजनाविना बाजी मारली, हे उत्तमच. पण स्पर्धा बक्षीस देऊन मोकळी होते. लेखकाला पुढची कथा मागत नाही.

संपादकाच्या जागेवर खऱ्या अर्थाने बसले ते बाळ फोंडके. स्वतः शास्त्रज्ञ, कथाकार आणि ‘सायन्स टुडे’चे एकेकाळचे संपादक. १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह सिद्ध केला. बंगाली, तमिळ, कन्नड कथांच्या पंगतीत मराठी कथा बसल्या आणि उठून दिसल्या. लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ त्यातलीच. मात्र कार्नेलसारखी खंडामागून खंड अशी मालिका त्यातून उभी राहिली नाही.

संपादकाची ही उणीव कथांतही दिसते. शास्त्रज्ञ मित्राने पत्रकार मित्राला चहा पिता पिता तीन पानं सिद्धांत समजावून सांगायचा, ही खोड अजून गेलेली नाही. कडक संपादकाने त्यातली अडीच पानं उडवली असती. शिवाय कथा घडते ती मुंबई-पुण्यात, फार तर अमेरिकेत. इथे आमच्या तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल आणि रुंद करून, बंधारे घालून भूजल वर आणलं. हा शिरपूर पॅटर्न बघायला गावोगावचे लोक येऊन गेले. शंभर वर्षांनी या जमिनीखालच्या पाण्याची मालकी कोणाकडे असेल, याची कथा मात्र माझ्या वाचनात आलेली नाही. कोणी संपादकाने पत्र टाकून मागितली असती, तर इथल्या एखाद्या विज्ञानाच्या मास्तरांनी ती लिहिलीही असती.