जिवंत आकडे, चित्रे आणि काटा

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला वातकुक्कुट आपण सर्वांनी पाहिलेला आहे. उभ्या दांड्यावर फिरणारा पत्र्याचा कोंबडा आणि खाली चार दिशांची अक्षरे. तेथे कोंबडाच का असावा याला हवामानशास्त्रात काही कारण नाही. साधा बाण लावला तरी तेच काम होते. तुरा आणि शेपटीचा डौल ही कारागिराची करामत. चोच कोणत्या दिशेला असावी हे मात्र कारागीर ठरवत नाही. ते वारा ठरवतो, आणि दर क्षणाला नव्याने ठरवतो. ज्याला कोंबड्याचा भरवसा वाटत नसेल त्याने बोट ओले करून वर धरावे आणि खात्री करून घ्यावी.

संगणक आणि इंटरनेट आल्यापासून या कोंबड्याचा वंश फार वाढला आहे. भूकंपलेखक, हवामानकेंद्रे, विमानतळ, शेअरबाजार यांचे आकडे क्षणोक्षणी तारेवरून येतात आणि त्यांच्या तालावर पडद्यावरची चित्रे हलतात, दिवे उजळतात, नाद उमटतात. कलादालनांत, आणि आता मोठ्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवरही, अशा कलाकृती दिसतात. शेजारच्या पाटीवर ‘लाइव्ह’ हा शब्द बहुधा असतोच. आम्ही काही कलासमीक्षक नव्हे. मोजमापाच्या धंद्यातली माणसे आहोत. तेव्हा आमचा प्रश्न मोजमापाचा आहे. हा कोंबडा खरोखर वाऱ्याने फिरतो आहे, की त्याच्या पोटात मोटर आहे? आणि बोट ओले करून पाहण्याची सोय प्रेक्षकाला ठेवली आहे का?

वारणानगरात बसून हा प्रश्न विचारायला एक कारण आहे. १९९८ साली नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरने येथे ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प उभा केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणेच्या परिसरातली सत्तर गावे संगणकाने जोडायची, शेतकऱ्याला गावातच बाजारभाव आणि पीकसल्ला मिळावा, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात गावातल्या केंद्रांतला संगणक मुख्यतः उसाच्याच कामाला आला: लागणीची नोंद, तोडणी, वजन, बिल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग करून दाखवला की एवढ्या कामाला संगणकही नको, मोबाइलवरचा एसएमएस पुरतो. त्याचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. पाहुण्यांना यात निराशा दिसली. आम्हांला त्यात शेतकऱ्याचा चोखंदळपणा दिसतो. जो आकडा त्याला स्वतःला पडताळता येत होता, तोच त्याने जवळ केला. ट्रॉलीत किती मोळ्या भरल्या हे त्याला ठाऊक असते. ऊसपट्ट्यात कोठेही जा, ‘काटामारी’ हा शब्द शाळकरी पोरालाही कळतो, आणि मनात शंका आली तर शेतकरी वाटेतल्या दुसऱ्या काट्यावर गाडी घालून येतो. आकडा कितीही ताजा असला तरी काटा तपासता येत नसेल तर तो त्याच्या उपयोगाचा नाही.

हीच कसोटी कलाकृतीला लावून पाहू. कल्पनेनेच करायचा प्रयोग आहे. पाटीवरचा मजकूर तसाच ठेवायचा, मागून येणारी तार गुपचूप काढायची आणि तिच्या जागी फासे टाकून मिळवलेले आकडे सोडायचे. प्रेक्षकाच्या हे कधी लक्षात येईल? कधीच येणार नसेल, तर त्या भिंतीवरचा डौल कोंबड्याच्या शेपटीचा आहे. वाऱ्याचा तेथे काही संबंध नाही.

या कसोटीला उतरणारी आमच्या माहितीतली सर्वांत साधी कलाकृती म्हणजे एक दोरी. नॅटली जेरेमायजेन्को या कलावतीने १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात छताला सुमारे आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी टांगली. वर एक लहान मोटर, आणि मोटर जोडलेली इमारतीतल्या संगणकांच्या जाळ्याच्या तारेला. तारेतून माहिती गेली की दोरीला हिसका बसे. वर्दळ वाढली की दोरी गरगरत असे, कमी झाली की नुसती थरथरे. जाळे इमारतीपुरते होते, पण तत्त्व तेच. येथे फासे टाकून भागणार नाही, कारण स्वतः मोठी फाइल पाठवायची आणि दोरीकडे पाहायचे, एवढे कोणालाही करता येते. तार तुटली की दोरी स्तब्ध. रंग नाही, संगीत नाही, तरी ती पाहणाऱ्याला फसवत नाही.

यापेक्षा पुष्कळ महत्त्वाकांक्षी काम आहे केन गोल्डबर्ग यांचे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले हे यंत्रमानवशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या विद्यापीठाच्या आवाराखालूनच हेवर्ड नावाचा प्रस्तरभंग जातो. त्याच्यावर १८६८ साली मोठा भूकंप झाला होता. गोल्डबर्ग यांनी तेथल्या भूकंपलेखकाचे आकडे इंटरनेटवरून घेतले. आधी, १९९७-९८च्या सुमारास, संगणकाच्या पडद्यावर केवळ एक हलती रेघ होती. मग १९९९ साली रँडल पॅकर आदी सहकाऱ्यांसह ‘मोरी’ ही रचना टोकियोत मांडली गेली. प्रेक्षक अंधाऱ्या जागेत शिरतो, आणि हजारो किलोमीटर दूरच्या जमिनीची हालचाल खोल, घुमणाऱ्या नादाच्या रूपाने त्याच्या अंगावर येते. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या शताब्दीला, २००६ साली, याच नादावर एक नर्तिकाही नाचली. पुढची हालचाल कशी असेल हे तिलाही आधी ठाऊक नव्हते.

कल्पना उत्तम आहे यात शंका नाही. पण ‘पृथ्वी ऐकू येते’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने हात वर केला पाहिजे. आपल्या कानाला सेकंदाला साधारण वीसपेक्षा कमी कंपने ऐकू येत नाहीत, आणि जमिनीची कंपने बहुतांशी त्याखालची. ती ऐकायची तर नोंद वेगाने फिरवावी लागते. शंभरपट वेगाने फिरवली तर एका मिनिटाची नोंद ०.६ सेकंदात संपेल. मग? पुढची हालचाल अजून घडायचीच आहे! म्हणजे कंपन जसेच्या तसे ऐकायचे असेल तर ते ‘आत्ताचे’ असू शकत नाही, आणि आत्ताचे हवे असेल तर कानावर पडणारा नाद दुसऱ्याच कोणीतरी रचलेला असणार. भूकंपलेखकाचे आकडे फक्त त्याचा चढउतार ठरवणार. ही गोष्ट कलाकाराच्या हातची नाही, आणि तिला त्याचा दोष म्हणता येत नाही. प्रेक्षकाला ती सांगितली जात नाही, एवढीच आमची तक्रार.

दुसरी अडचण मापनश्रेणीची. भूकंपाची प्रत एका अंकाने वाढली की कंपनाचा विस्तार दहापट होतो. तितक्याच अंतरावर दोन प्रतीच्या धक्क्याची रेघ एक मिलिमीटर काढली, तर सहा प्रतीच्या धक्क्यासाठी दहा मीटरचा कागद लागेल. कलादालनात हे परवडत नाही, म्हणून श्रेणी दाबून घेतली जाते. आणि दाबलेल्या श्रेणीत किरकोळ थरथरही गंभीर वाटू लागते. फळ्यावर आलेख काढताना अक्षावरचे माप लिहायला विसरणाऱ्या विद्यार्थ्याचा आपण गुण कापतो. कलाकृतीचे गुण कापावेत असे नव्हे, पण माप विचारायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत रंजक वाटते. भूकंपलेखक बारा महिने चोवीस तास जे लिहितो त्यात भूकंप फार थोडा असतो. समुद्राच्या लाटांनी जमीन काही सेकंदांच्या आवर्तनाने सतत डोलत असते, त्यावर रस्त्यावरची वाहने, यंत्रे, माणसांची पावले. वारणानगरात ‘मोरी’ मांडली तर काय ऐकू येईल? पावसाळ्यात खवळलेला अरबी समुद्र, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या. यालाच कोणी धरणीमातेचे हृदयस्पंदन म्हणून डोळे मिटून ऐकू लागला तर आम्हांला हसू येईल. मात्र हे मिश्रण प्रेक्षकाला उलगडून दाखवले, तर त्याला हसायचे कारण नाही. पृथ्वीचे खरे ऐकणे तेच आहे. ‘मोरी’चे एक मात्र आम्ही मनापासून मानतो. तिच्यात बराच वेळ विशेष काही घडत नाही, आणि गोल्डबर्ग ते घडू देतात. प्रेक्षक कंटाळेल म्हणून खोटा धक्का पेरत नाहीत. आकड्यांच्या कलेत एवढा संयम फार थोड्यांकडे असतो.

आता मुंबईकडे येऊ. चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०२१ साली ‘इंटिजर स्टडीज’ या नावाची चित्रमाला काढली. चित्र काढतानाच्या एका विशिष्ट क्षणाचे तीन आकडे घ्यायचे: जगाची लोकसंख्या, जन्म आणि मृत्यू, आणि त्यांच्या आधाराने कागदावर रेषा-आकारांची रचना करायची. येथे पडदा नाही, मोटर नाही. तारेवरून आलेला आकडा हाताने कागदावर उतरतो आणि तेथेच थांबतो. रेषा हळुवार आहेत, पाहत राहाव्यात अशा.

पण हा आकडा येतो कोठून? जगातल्या जन्ममृत्यूंची क्षणोक्षणी मोजणी कोणीही करत नाही. पूर्वीच्या जनगणनांवरून वर्षाचा दर ठरवायचा, त्याला वर्षाच्या सेकंदांनी भागायचे आणि घड्याळ सोडून द्यायचे, अशी ही लोकसंख्येची घड्याळे चालतात. संयुक्त राष्ट्रसंघाने जगाची लोकसंख्या आठ अब्ज झाल्याचा दिवस १५ नोव्हेंबर २०२२ हा ठरवला, तोही गणितानेच. आपल्या देशाची शेवटची जनगणना २०११ची. २०२१ला व्हायची ती लांबली आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला. शेवटच्या प्रत्यक्ष मोजणीनंतर दहा वर्षांनी, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, आपल्याकडे कोरोनाची दुसरी लाट आली. वार्षिक दराने चालणाऱ्या घड्याळाचा ठोका अशा लाटेने जलद होत नाही. स्मशानांत रांगा असोत वा नसोत, मृत्यूंचा आकडा त्याच चालीने पुढे सरकतो. या कोंबड्याच्या पोटात मोटर आहे ती ही.

कल्लाट यांच्या बाजूने सांगायचे तर हे आकडे गणिती रीतीने काढलेले अंदाज आहेत हे या चित्रमालेच्या परिचयातच नमूद असते. लपवाछपवी नाही. तरीही त्या वर्षी, त्या विषयावर, अंदाज आणि मोजणी यांच्यातली दरी हाच खरा विषय होता असे आम्हांला वाटते, आणि ती दरी त्या सुंदर रेषांत दिसत नाही. न मोजलेल्या माणसाला चित्रात जागा कशी द्यायची, हे आम्ही चित्रकाराला शिकवू शकत नाही. जागा राहिली नाही, एवढे म्हणू शकतो.

यावर कोणी म्हणेल, कला ही काही प्रयोगवही नव्हे. मान्य आहे. चित्रकाराने मेघ हिरवा रंगवला म्हणून आम्ही भांडणार नाही. पण पाटीवर ‘लाइव्ह’ लिहिले की तो उपकरणाची पत उसनी घेतो. प्रेक्षक थबकतो तो त्या पतीमुळे. उसन्या पतीचा हिशेब मागण्यात गैर काय? विद्यार्थ्यांना तर हा हिशेब मागायची सवय लावलीच पाहिजे, कारण त्यांच्या हातातला मोबाइल दिवसभर असे आकडे दाखवत असतो आणि त्यांतले मोजलेले किती, गणिताने पुढे ढकललेले किती, हे कोठेच लिहिलेले नसते.

वारणेच्या खोऱ्यात अशी एखादी प्रामाणिक कलाकृती उभी राहू शकेल का? साहित्य तर पायाखाली आहे. ११ डिसेंबर १९६७चा ६.३ प्रतीचा कोयनेचा भूकंप वडीलधाऱ्यांना आठवतो. याच नदीवर वर चांदोलीला धरण झाले, १९८५ पासून पाणी साठू लागले, आणि १९९३ पासून त्या बाजूचे धक्केही वाढले. तो भाग वारणानगरपासून सरळ रेषेत पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. एवढ्या अंतरावरून भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी पोचतात आणि दुय्यम लहरी सुमारे सहा सेकंदांनी. वीज दिसल्यावर गडगडाटापर्यंत आपण अंक मोजतो तसेच हे. सेकंदांना आठने गुणले की किलोमीटरमधले अंतर ढोबळमानाने मिळते.

तेव्हा नाद रचणाऱ्याने या दोन लहरींना दोन वेगळी वाद्ये द्यावीत. वारणेच्या बालवाद्यवृंदामुळे वाद्यांची जाण येथे नवी नाही. समुद्राला तिसरे वाद्य द्यावे, ट्रॉल्यांना चौथे. जोडणी तुटली की संपूर्ण शांतता, जुनी नोंद लावायची नाही. शाळेला झेपेल असा ‘रास्पबेरी शेक’ नावाचा लहान भूकंपलेखक २०१६ पासून मिळतो, आणि तो आपले आकडे इंटरनेटवर चढवतो. पहिल्या वाद्यानंतर दुसरे वाद्य सहाव्या अंकाला वाजले तर धक्का अठ्ठेचाळीस किलोमीटरवरचा. चांदोलीचाच असेल असे मात्र नाही, कारण एका ठिकाणाहून अंतर कळते, दिशा कळत नाही. तिच्यासाठी शिराळ्याच्या आणि मलकापूरच्या शाळांनीही असेच उपकरण लावावे, आपापले सेकंद कळवावेत, आणि मुलांनी नकाशावर कंपासने तीन वर्तुळे काढावीत.